रोज चालत होत्या

प्रिय अक्का,

काल सात रस्ता चौकात व्यायामाच्या बाई भेटल्या. लॉकडाऊनमध्ये दवाखान्यातून तुला रोज फोन करायच्या, त्याच. म्हणाल्या, "तुमच्या अक्का रोज चालत होत्या, तरी गेल्या. तेव्हापासून अंगानं जड पेशंटला मी फारसा आग्रह करत नाही." मी मान हलवली आणि निघालो. म्हणून हे पत्र.

गर्भाशयाचा कॅन्सर कळला आणि आठवड्यात सगळं बंद झालं. ऑपरेशन पुढे गेलं. गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले. माडीवरच्या दोन खोल्यांत तू आणि मी. दारापासून चुलीपर्यंत चौदा पावलं.

बाई फोनवर सांगायच्या, "आत्तापासून चाललात तर ऑपरेशननंतर छातीत कफ साठणार नाही. काकू, आराम पडायचा असेल तर आराम करायचा नाही!"

तू फोनवर हात ठेवलास. "आराम पडायला आराम करायचा न्हाय? कुटली रे ही पोरगी?"

तरी चाललीस. आठ दिवस. पदर खोचून, भिंतीला हात लावत. फळ्या करकरायच्या. दम लागला की पायी गावाला निघाल्यासारखी म्हणायचीस, "शिवा, मोहोळ आलं का रे?"

नवव्या दिवशी खालच्या काकूंनी ओरडून विचारलं, "वर जातं बसवलंय व्हय गं?"

मी हसलो.

का हसलो, अक्का? कितीतरी दिवसांत घरात कुणी हसलं नव्हतं, एवढंच कारण मला सापडतं. ते पुरत नाही. तू माझ्याकडे पाहिलंस आणि खाटेवर बसलीस.

संध्याकाळी फोन आला. तू हातानेच खूण केलीस, सांग चालले म्हणून. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशीही. मग खुणेची गरज उरली नाही. पलीकडे बाई लिहून घेत. "शाब्बास काकू!" त्या म्हणत, आणि तू भिंतीकडे तोंड करायचीस.

तू तरी एकदा मला शिवी का दिली नाहीस? दारं बंद होती. मी कुठे जाणार होतो?

पाच आठवड्यांनी दवाखान्यात खाट मिळाली. ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी छाती भरली. मला आत सोडलं नाही. तू फोनवर एवढंच म्हणालीस, "खोकता येईना रे."

नातेवाईक अजून म्हणतात, जड होती म्हणून गेली. मी ऐकून घेतो. चालली असतीस तर वाचली असतीस का? डॉक्टरही सांगू शकले नाहीत. पण तू चालली नव्हतीस, हे फक्त मला माहीत आहे. ते घेऊन मी त्याच दोन खोल्यांत राहतो. गल्लीतले बांबू केव्हाच निघाले.

आणि आता तुझ्यासारखी एखादी बाई त्या दवाखान्यात खाटेवर पडलेली असेल. तिला कुणी ऊठ म्हणत नसेल. माझ्या खोट्यामुळे.

अक्का, सोमवारी दवाखान्यात जाईन. बाईंसमोर उभा राहून सांगेन, आठ दिवस चालली, मग नाही. मी हसलो म्हणून थांबली. त्यांच्या वहीत तसं लिहून घ्या म्हणेन, आणि त्या लिहीपर्यंत तिथून हलणार नाही.

तुझा,
शिवा