नेखेनची कोरडी वाळू

बास्त, कापणीचा पहिला महिना

ती. देदूदादास,
सेनेतचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. बाळ अंगाने भरतंय. वहिनीने आईबरोबर पाठवलेले खजूर माझ्या नवऱ्यानेच फस्त केले, मला चार मिळाले असतील. पत्र इथल्या लेखनिकाला सांगून लिहवतेय. आपल्या दक्षिणेकडच्या नेखेनचं नाव काढलं की मेला नाक मुरडतो.

आता कामाचं. माझ्या बाळंतपणाला आलेली आई घरी जायचं म्हणून हट्टाला पेटली आहे. परवा अंगणात खड्डा खणला, तर कोपरभर खाली पाणी लागलं. ते पाहून तिने जेवणच टाकलं. म्हणते, या चिखलात मला पुरू नका, कुजून जाईन, मग पलीकडे कोणत्या तोंडाने जाऊ? कोल्ह्यांनी आजीचं थडगं उकरलं तेव्हा नेखेनच्या वाळूत तिची वेणी जशीच्या तशी होती, हे रोज ऐकवते. दादा, तिला खोकला आहे, पाय सुजलेत. पूर यायच्या आत तुझी होडी पाठव रे. येताना नदीचा प्रवाह आणेल, दक्षिणेला परतताना उत्तरेचा वारा आहेच, शीड लावलं की झालं. आमच्याकडे लव्हाळ्याच्या तराफ्यांशिवाय काही नाही.

लोभ आहेच, तोही होडीत घालून पाठव.

तुझी धाकटी,
सेनेत

नेखेन, कापणीचा तिसरा महिना

चि. सौ. सेनेतीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. होडी सध्या जव वाहतेय, मोकळी नाही. मग पूर. पूर ओसरला की बांध वाहून गेलेले असतात. दोरी धरून शेतं पुन्हा मोजतात तेव्हा मी समोर नसलो, तर शेजारचा मेरू माझ्या रानात घुसलाच म्हणून समज. पेरण्या उरकल्या की बघू.

तोवर आईला समजाव. म्हातारी माणसं मरणाच्या गोष्टी करतातच, लगेच कोणी मरत नाही. तुम्ही उत्तरेकडचे बेडकांसारखे चिखलात सुखाने राहता, तिलाही सवय होईल. थट्टा केली हो, फुगून बसू नकोस. देशाचे पहिले राजे आपल्या नेखेनातून निघाले, तेव्हा तुमच्याकडे नुसती दलदल होती, एवढं मात्र त्या लेखनिकाला ऐकव. खोकल्यावर मध द्यावा.

बाळाला पापा. माया कमी करू नये.

देदू

बास्त, पुराचा दुसरा महिना

दादा,

आई गेली.

शेवटचे दिवस तिने अंथरूण घाटावर टाकायला लावलं होतं. दक्षिणेकडून होडी दिसली की विचारायची, देदूची का? मी खोटंच सांगत राहिले, येतेय म्हणून. चहूकडे पाणी होतं. गावाबाहेरच्या वाळूच्या उंचवट्यावर तिला ठेवलं. खड्ड्यात पाणी झिरपत होतं, म्हणून लव्हाळ्याच्या चटया अंथरल्या. त्याही भिजल्या.

पूर ओसरला की तुझी शेतं नीट मोजून घे.

सेनेत

नेखेन, पुढच्या वर्षीच्या पेरणीचा पहिला महिना

चि. सेनेतीस आशीर्वाद.

वर्षभर तुझं पत्र नाही. असू दे. माझा एकुलता अंखू तापाने फणफणलाय, डोळे उघडत नाही. इथली जाणती बाई म्हणते, आई रुसली आहे, तीच पोराला ओढतेय. म्हणून गेलेल्या माणसाला लिहायच्या रिवाजाप्रमाणे वाडग्याच्या आतल्या अंगाला आईला पत्र लिहून पाठवतोय. त्यात भाकरी ठेवून तिच्या उशाशी ठेव. खाऊन झाली की वाचेल. आई, मी तुझं काय वाईट केलं, माझ्या लेकराला सोड, एवढंच लिहिलंय.

शेतं तशीच टाकून माझ्या माणसांना होडी घेऊन पाठवलं आहे. उशीर करू नकोस, तुझ्या पाया पडतो.

देदू

बास्त, पेरणीचा दुसरा महिना

दादा,

तुझी होडी लांबून ओळखली आणि आईला सांगायला घरात धावले. उंबऱ्यात भान आलं.

यंदाच्या पुराने उंचवट्याची आईकडची बाजू कापून नेली. पाणी उतरल्यावर मी गुडघाभर चिखल तुडवत शोधलं, चटईची काडीसुद्धा सापडली नाही. उशाशी ठेव म्हणतोस, उसं कुठे शोधू? अंखूसाठी इथल्या देवीला नवस बोलले आहे. त्या लेकराचा काय दोष? तो बरा होऊ दे. आईला मात्र आता कोणाचंच काही पोचायचं नाही.

वाडगा परत पाठवतेय. तुझ्या माणसांनी फार जपून आणला हो. छपराखाली, गवताच्या गादीवर, मधोमध ठेवला होता, आणि बाकी होडी रिकामी होती. आई पाय पसरून झोपली असती, दादा.

सेनेत