दाव्यासकट होडी

रविवार, १६ नोव्हेंबर

आलो एकदाचे पवनानगरला! घोरावाडीचं भाड्याचं घर सोडलं, मी कंपनीतली अकरा वर्षांची क्वालिटीची नोकरी सोडली, आणि आता धरणाकाठी आमचा स्वतःचा कॅम्प. सहा तंबू, एक पत्र्याची खोली, समोर पाणीच पाणी. चहा घेऊन पायरीवर बसले तर उठावंसंच वाटेना.

निलेशने मात्र सामान उतरायच्या आत होडी शोधलीसुद्धा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! शेजारच्या अंबाजीआबांच्या गोठ्यात फायबरची वल्ह्यांची होडी दोन वर्षं पडून आहे, ती विकायचीय म्हणे. मी बजावलं, तपासल्याशिवाय तिच्यात पाय ठेवायचा नाही. पठ्ठ्याला पोहता येत नाही. पाण्यावर गेलेला माझा नवरा परत यायला हवा, एवढीच माझी अट. तो हसला. हसू दे मेल्याला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

लोणावळ्याहून ताजुद्दीनचाचा आले. फायबरच्या टाक्या आणि होड्या दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. तपासायची रीत त्यांनी मला शिकवली. स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ घ्यायची आणि वीतभर अंतर सोडून तळ ठोकत जायचा. टण्ण वाजलं तर माल चांगला. भद्द वाजलं तर थरांत पाणी शिरलंय, तिथे खडूने फुली. दोन तास ठोकत बसले, मान आखडली, पण मजा आली. मधल्या फळीखाली फुल्या पडल्या. चाचा म्हणाले, एवढं चालतं ताई, उन्हात वाळवा.

होडी घेताना मी सामानाची यादी केली. वल्ही दोन, जॅकेट चार, दोर एक. दोरावरून वाद झाला. आबा म्हणाले, गाय इकली तरी दावं कुनी देतं व्हय, दावं धन्याच्या घरीच ऱ्हातं. मी म्हटलं, आबा, होडी काय दूध देते का? यादीत आहे म्हणजे पाहिजे. गुरांच्या दाव्यांबरोबर खुंटीला टांगला होता, मीच काढून आणला. म्हाताऱ्याचं तोंड बघून जरा वाईट वाटलं, पण माल पुरा म्हणजे पुरा.

गुरुवार, २० नोव्हेंबर

होडी आमच्या अंगणात पालथी वाळत ठेवलीय. आज परत ठोकली. परवाच्या फुल्यांवर टण्ण. हातभर पुढे भद्द. एकच माल दोनदा तपासून दोन उत्तरं आली तर आमच्या कंपनीत तपासणाऱ्याला फैलावर घेतात. म्हणून दुपारी तिसऱ्यांदा ठोकली. अजून सरकलंय. जेवण गेलं नाही.

चाचांना परत बोलावलं. त्यांनी बारीक भोक पाडलं. आतून थेंबसुद्धा नाही, कोरडं ठक्क. मग भद्द काय वाजतंय, विचारलं. चाचांनी घाईने भोक बुजवलं. हत्यारं गोळा केली आणि चहा न घेताच जीप गाठली.

निलेश म्हणतो, चैताली, तुला कुठेही खोटच दिसते. सवय आहे तुझी. असेल.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळी जुन्या फुल्या पुसून पुन्हा ठोकली आणि नव्या फुल्या एकमेकींना जोडल्या. जोडायला नको होत्या. डोकं. वाकलेली पाठ. पोटाशी घेतलेले गुडघे. माणूस आहे तो, कुशीवर पडलेला.

तशीच आबांकडे धावले. आबा म्हणाले, त्यांचा धाकटा भाऊ रतन त्या होडीतच गेला. बुडाला न्हाई, पलीकडच्या काठाला होडी लागली तवा असाच मुटकुळं करून पडला व्हता. दावं माज्याकडं हाय तवर त्यो हितंच ऱ्हाईल, कुनाच्या अंगाशी जानार न्हाई, म्हणून ठिवलं व्हतं, पोरी.

दोर आणून परत द्यावा म्हणून घरी पळाले. अंगणात होडी नाही. दोर नाही. निलेश एकटाच तिला पाण्यावर घेऊन गेलाय—

शनिवार, २२ नोव्हेंबर

काल तासाभरात परत आला. किती रडले मी! दोर आबांच्या दारात नेऊन टाकला. आबांनी माझ्यामागे उभ्या निलेशकडे बघितलं आणि म्हणाले, आता उपेग न्हाई. दार लावून घेतलं.

आज सकाळी निलेश पाण्यात उतरला आणि पोहत पलीकडे जाऊन आला. अंग पुसत मला म्हणाला, वैनी, च्या टाका.

वैनी.

होडी ठोकली. गुडघे पोटाशी घेतलेला तो नाहीच आता. आता लांब, उताणा. टेप लावला. पाच फूट अकरा. निलेशची उंची.

त्या जागी कान लावला. आतून ठोकतंय कुणीतरी. अगदी हळू.

रविवार, २३ नोव्हेंबर

ते डिझेल घेऊन आलंय. होडी उद्या जाळणार म्हणतंय. घरात नको असली वस्तू, वैनी— गोड बोलतंय. निलेशच्या तोंडाने.

आत निलेश आहे. मी तीनदा ठोकते, तो तीनदा. मी थांबले की घाबरून ठोकत सुटतो. जीव तुटतो माझा. मीच आणलं ना ते दावं. मीच, यादी घेऊन—

होडी पाण्यावर जो नेईल त्याच्याशी आतल्याची अदलाबदल होते. रतन सुटला, निलेश अडकला. म्हणजे मी नेली तर—

भीती वाटते. खूप भीती वाटते.

सोमवार, २४

ते उठायच्या आत होडी ढकलली. पाण्यावर आहे. ऊन पडलंय. काठावरून हाका मारतंय— वैनी, ओ वैनी—

मारू दे.

खालून ठोकतोय. आले रे, निलेश. आले.

पाय गार पडले. गुडघे— दिसतात पण माझे नाहीत. वही पकडवत नाही. भिऊ नकोस, मी— तू घरी जा. तुझ्या अंगातल्या त्याला घरात घेऊ—

चैताली

चैताली, मी निलेश. मी वर आलो. तू कुठे आहेस? होडीत कुणीच नाही, मी एकटाच आहे. खालून कोण ठोकतंय एवढं? चैताली, या बांगड्या तुझ्या, हे हात तुझे, मग तू