भट्टी सूनबाईच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, मॅट्रिक पास, धंदा घरकाम आणि मातीची भांडी रंगवणे, आज सकाळी देवाला हात जोडून आणि चहा घेऊन, पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. तशी छाती या घरात कोणाची आहे, हे वाचणाऱ्याने स्वतःलाच विचारावे.

१. राहते घर माझ्या मुलाला. गच्ची गळते ती आधी दुरुस्त करावी, भिंतींचा रंग मागाहून. देवाचा कोपरा आहे तिथेच राहील. तिथला दिवा मी भाजलेला आहे, तो कोणी शोभेसाठी दिवाणखान्यात नेऊ नये.

२. बँकेतली शिल्लक आणि बांगड्या मुलीला. तिने त्या मोडू नयेत. मोडल्याच तर मला वर कळवू नये.

३. मागची शेड, भट्टी, दोन्ही चाके आणि रंग भाजून पाहिलेल्या नमुन्याच्या सगळ्या चकत्या माझ्या सुनेला, तिच्या एकटीच्या नावे. नवऱ्याबरोबर सामाईक नाही आणि त्याच्या संमतीची गरजही नाही. मुलाने राग मानू नये. आकडेमोडीत त्याचा हात धरणारा कोणी नाही, पण मातीत त्याने आजवर फक्त चेंडू लोळवला. शेड आपल्या नावावर आली तर गाडी लावायला बरी, असे त्याने स्वतःच हसत हसत सांगितले आहे.

कारण लिहून ठेवते. ह्यांच्या हयातीत आमच्या भट्टीतून एकच तपकिरी रंग निघे. पुढे मी रंग करू लागले, पण उरलेली झिलई, म्हणजे भांड्यांना चकाकी देणारे रंगाचे पाणी, फेकायला जीव होईना. सगळी एका बादलीत ओते. भाजल्यावर रंग चिखलाचा. सून नवी नवी आली, बादलीत डोकावली आणि म्हणाली, "आई, हाडवैरी एका खोलीत कोंडल्यावर दुसरं काय होणार?"

"मग काय, ओतून देऊ मोरीत?"

"छे! दोन बादल्या करा. पिवळे, नारिंगी, लालसर एकीत. निळे, हिरवे दुसरीत."

एकीतून मधासारखा नारिंगी निघाला, दुसरीतून गडद निळा. फुकटात दोन रंग! असली सून नवस बोलूनही मिळत नाही. तिनेच शिकवले, की निळा आणि नारिंगी एकत्र घोटले तर एकमेकांना गिळतात, शेजारी ठेवले तर एकमेकांना उजळवतात. आणि लाल मातीवर पातळ हात दिला तर खालची माती रंगात डोकावते, म्हणून आधी पांढरा लेप द्यावा.

४. धाकट्या दिरांविषयी. प्रसूतिगृहाच्या दर्शनी भिंतीच्या फरशांचे काम आम्हाला मिळाले, तेव्हा भाऊजींचे म्हणणे होते, सगळी भिंत निळी करा, वादच नको. आम्ही निळ्याला नारिंगी किनार धरली. कच्ची झिलई दिसायला दोन्हीकडे मळकटच असते. भाऊजी आले आणि म्हणाले, "वहिनी, एकाच राखाडी पाण्याला दोन बादल्या कशाला अडवल्यात?" आणि एक उचलून दुसरीत ओतायलाच निघाले. सून झाकण टाकून बादलीवर बसली.

"ऊठ गं."

"भट्टी उघडेपर्यंत नाही, काका."

"आणि ती नारिंगी डोळ्यांत खुपली म्हणजे?"

मी म्हटले, "खुपू दे. लोकांनी वर बघावं म्हणूनच भिंत आहे ती."

भट्टी उघडली. निळा असा निघाला, की त्यात हात बुडवावासा वाटावा, आणि कडेने नारिंगी पेटलेला. भिंत लागली त्या दिवशी दवाखान्यात जाणारे सोडा, भाजी घेऊन घरी निघालेलेही थांबले. गर्दीत भाऊजी कोणाला तरी सांगत होते, "आमच्या घरचं काम." देवाने मला तेवढे ऐकायला कान शाबूत ठेवले.

तरी परवा ते म्हणालेच, "भट्टी घराण्याची आहे, मुलाच्याच नावे हवी. सून परक्याची."

५. म्हणून भाऊजींना मी या मृत्युपत्रात मुद्दाम काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात. आणि साक्षीला मला तेच हवे आहेत. उद्या भट्टीवरून कोणी भांडायला उठला, तर घरातल्या वडीलधाऱ्याची सही त्याच्या तोंडावर ठेवता येईल. मी त्यांना तसे सांगितले.

"म्हणजे वहिनी, मला दमडी नाही, आणि वर सहीही मीच करायची?"

"तुमच्याइतका अडून बसणारा साक्षीदार मी कुठून आणू?"

ते शेडमध्ये जाऊन आले. बराच वेळ लागला. आल्यावर चष्मा पुसला आणि पेन मागितले.

ठिकाण : भट्टीच्या शेडबाहेरचे अंगण
दिनांक : ९ मार्च, गुरुवार

लिहून देणार : (सही) सासूबाई

साक्षीदार :
१. (सही) प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाई
२. (सही) धाकटे दीर. माझ्या हाताने लिहितो : भट्टी सूनबाईंची. आत्ताच आत जाऊन त्यांना विचारून आलो, उद्या लाकडे किती वाजता उतरवू.