शेडमधली गाडी आणि गटातली जागा

२० मार्च २०१६, रविवार

निळा धूर. आज पुन्हा. पालीच्या चढाला गिअर बदलला आणि आरशात मागचा रस्ता दिसेना. बंकट शेजारी होता. म्हणाला, "थांबव बे. टर्बो ऑईल प्यायलाय."

हळूहळू मळ्यातल्या शेडपर्यंत आणली. बॉनेट उघडून ठेवलं, गार होईपर्यंत लिंबाखाली बसलो. तिथून बिंदुसरेचं धरण दिसतं. म्हणजे खड्डा दिसतो. मधोमध शेळ्या चरतात.

पाईप काढून टर्बोच्या पंख्याला बोट लावलं. दांडी हलते – वर-खाली, चांगली जाणवेल इतकी. इंजिनातून निघणाऱ्या धुरावर हा पंखा फिरतो आणि जादा हवा इंजिनात कोंबतो. गाडीला जे पळणं आहे ते सगळं ह्याच्यामुळे. आणि ह्याचा वैरी म्हणजे धूळ. एअर फिल्टर उघडला तर आत मूठभर माती! टँकरच्या मागे गाडी चालवायची म्हटल्यावर दुसरं काय होणार.

बंकट माझा शाळेपासूनचा. गाडी दोघांची, निम्मी-निम्मी. जपानी, दोन दारांची. पुण्याच्या एका हौशी माणसानं कंटाळून काढली होती, आम्ही घेतली. तेव्हा पाऊस होता, ऊस होता. आता दोन्ही घरं म्हणतात, विका. आम्ही ऐकलं न ऐकल्यासारखं करतो.

टर्बो उतरवला. पुण्याला पाठवायचा.

२३ मार्च

साखर कारखान्याची निवडणूक लागली. यंदा बॉयलर पेटला नाही, गाळप नाही, गेटवर कुत्री झोपतात – पण संचालक हवेत.

भगवानकाकांनी बोलावलं. माझे सख्खे चुलते, पंधरा-वीस वर्षं चेअरमन. म्हणाले, "राधाकिशन, आपल्या गटातून तू उभा राहा. घरातला माणूस पायजे." नाही म्हणायची सवय त्या घरात कुणालाच नाही. फॉर्मवर सही करून आलो.

संध्याकाळी बंकटला सांगावं म्हणून शेडवर गेलो. तो आधीच येऊन बसलेला.

"तुला एक सांगायचंय," मी म्हणालो.

"मला पण. मला उभं केलंय. समोरच्या पॅनेलकडून."

"कोणत्या गटातून?"

"आपल्याच की."

मग तो हसायला लागला, मग मी. ठरलं – शेडमध्ये निवडणुकीचा शब्द काढायचा नाही. बाहेर काय ती भाषणं करा.

२७ मार्च

काका रस्त्यात भेटले. "ती लाल गाडी झाकून ठेव. बायका घागरी घेऊन कोसभर जातात, त्यांच्या अंगावर धुरळा उडवू नको." खरं आहे. मला आधीच कळायला हवं होतं. ताडपत्री घातली.

३१ मार्च

ऊन फार. काही नाही.

३ एप्रिल, रविवार

टर्बो परत आला. नवा पंखा, नवी दांडी. हातात धरून फिरवला तर आवाज नाही. बंकटनं कानाशी लावून पाहिला, घड्याळ ऐकल्यासारखा.

एक सुधारणाही करतोय. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते, आणि इथल्या उन्हात आधीच तापलेली असते. गरम हवेत इंजिन मरगळतं. म्हणून हवा गार करणारी जाळी मोठी घेतली, पुढच्या बंपरच्या आत बसवायची. जुना पाईप पुरत नाही. बीडच्या वेल्डरकडून वाकवून आणला. बंकटचं म्हणणं, आता दाब पण वाढवू. मी म्हणालो, आधी नीट चालू दे. तो म्हणतो, "तू जन्माचा भित्रा." मी म्हणालो, "म्हणून इंजिन जागेवर हाय."

काम करता करता मोसंबीचं निघालं. बाग जगवायची म्हणून त्यानं गेल्याच्या आदल्या वर्षी ऊस मोडला. "दोन वर्षं कारखान्याला टिपरू गेलं न्हाई माझं," म्हणाला. "जेवढं पाणी हाय तेवढं झाडाला. मोडला ऊस पुन्हा लावता येतो. झाड गेलं की गेलं."

बोल्ट आवळत होतो. ऐकलं, सोडून दिलं.

५ एप्रिल

काका जेवायला होते. माझ्या बायकोनं, चंद्रभागानं, पिठलं-भाकरी केली. काकांनी इकडचं तिकडचं विचारलं – विहिरीला किती पाणी, छावणीत किती जनावरं, बंकटचा ऊस कसा आहे. मी म्हणालो, त्यानं तर मोडला, बाग जगवतोय. काका म्हणाले, "शहाणा हाय." आणि भाकरी मागितली.

९ एप्रिल

आज छाननी. बीडला गेलो होतो.

बंकटचा अर्ज उडाला.

दोन वर्षं ऊस न घातलेल्या सभासदाला उभं राहता येत नाही, असा कारखान्याचा नियम. त्याच्या पॅनेलला वाटलं, दुष्काळात कोण विचारतंय. काकांच्या वकिलानं बरोबर तेवढंच विचारलं. बंकट टेबलापाशी उभा होता. वळून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. वाट विचारायला थांबलेला माणूस बघतो तसं. मग चप्पल घालून निघून गेला.

बाहेर काकांच्या माणसांनी मला गुलाल लावला. बिनविरोध म्हणे.

काकांना विचारलं, "माझ्याकडून कळलं का?"

"कारखान्याच्या दप्तरात हायच की. तू न्हाई बोलला तरी सापडलं असतं."

"पण बघितलं कधी?"

"तू बोलल्यावर," काका म्हणाले. लपवलं नाही त्यांनी. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही.

१० एप्रिल, रविवार

बंकट आला नाही.

एकट्यानं टर्बो बसवला. ऑईलच्या नळ्या जोडल्या. आता एक काम दोघांचं. नवा टर्बो कोरडा फिरवला तर तिथंच जातो. आधी इंजिन सुरू न होऊ देता नुसतं स्टार्टरवर फिरवायचं, म्हणजे ऑईल वरपर्यंत चढतं. एकानं चावी धरायची, दुसऱ्यानं नळीचं तोंड बघायचं.

चंद्रभागा चहा घेऊन आली. तिलाच बसवलं. म्हणालो, मी थांब म्हणालो की सोड. तिनं व्यवस्थित केलं. ऑईल आलं.

"हे बंकटभाऊचं काम हाय ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग जा ना तिकडं. हितं नळीकडं बघून काय होणार?"

इंजिन सुरू केलं नाही. त्याच्याशिवाय नको वाटलं.

१२ एप्रिल

गेलो. घरी त्याची आई होती, मुक्ताबाई. पाणी दिलं, म्हणाली, "बागंत हाय. जेवला न्हाई सकाळपासून. तूच सांग त्याला." तिला काही माहीत नसावं. की असावं.

बंकट टँकरच्या पाण्याचे डबे झाडांच्या बुडाला ओतत होता. मी पण एक डबा उचलला. एक ओळ संपवली.

मग मी म्हणालो, "काकांना मीच बोललो. जेवताना. मुद्दाम न्हाई."

"मला कळलं होतं."

"कसं?"

"आन् कोण सांगणार? शेडमधी दोघंच तर होतो. मुद्दाम बोलला नसशील, ते पण कळतं बे. मुद्दाम करायला डोकं लागतं."

"मग आला का न्हाईस?"

त्यानं डबा पालथा केला. "तू संचालक होणार. मी तुझ्या शेडमधी पाने-पकड देत बसणार. लोक काय म्हणतील ते सोड. मलाच कसंतरी वाटलं."

"मी अर्ज मागं घेतो."

"माझ्यासाठी घेऊ नको. तुला व्हायचं असलं तर हो."

बराच विचार केला. मला व्हायचं आहे का? काकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून हात वर करायचा. नाही. खरंच नाही. बंकट नसता तरी नाही.

१७ एप्रिल, रविवार

बंकट आला. थेट चावी फिरवली. पहिल्या हिसक्यात सुरू! आधी थोडा पांढरा धूर, मग काहीच नाही. दोघं मागे उकिडवे बसून नुसता सायलेन्सर बघत राहिलो. निळं काही नाही.

दाब वाढवला नाही. त्यानंही म्हटलं नाही.

२५ एप्रिल, सोमवार

माघारीचा शेवटचा दिवस. बीडला आमच्या गाडीतूनच गेलो, सकाळी लवकर, रस्त्यावर पाण्याला निघालेली माणसं असताना अगदी हळू. मोकळ्या रस्त्यावर एकदाच पाय दाबला. मोठ्या जाळीनं फरक पडलाय – पाठ सीटला चिकटली. हसू आलं, एकट्यालाच.

कचेरीसमोर थांबून इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवलं. टर्बो तापलेला असताना लगेच बंद करायचं नसतं. मग आत जाऊन सही केली.

कारकून म्हणाला, "डमीचं काय? तुमच्या मिसेसचा अर्ज हाय ना."

विसरलोच होतो. माझा अर्ज उडाला तर असावा म्हणून काकांनी तिचाही भरून घेतला होता. कारकून म्हणाला, "त्यांना स्वतः यावं लागंल. तीन वाजेपर्यंत."

घरी येऊन सांगितलं. म्हणालो, चल, सोडतो. ती धान्य निवडत होती. म्हणाली, "बघते."

काकांचा फोन आला. सगळं सांगितलं. काकांनी ठेवून दिला.

तीन वाजले तेव्हा मी शेडमध्ये होतो.

२६ एप्रिल

यादी लागली. आमच्या गटातून बिनविरोध – चंद्रभागाबाई राधाकिशन.

"गेली कावून न्हाईस?" मी विचारलं.

"मला व्हायचं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच मीटिंगला तो उसाचा नियम काढायला लावते. दुष्काळात झाड जगवलं म्हणून माणूस बाद होत असतो का? काका बसतील समोर. बसू द्या."

बंकटला फोन केला. तो म्हणाला, वहिनींना विचार, मीटिंगला गाडी लागंल का. विचारलं. ती म्हणाली, लागंल. पण चालवायला शिकवा, मी मागं बसणार न्हाई.