बाबांचं जाळं

नाशिक, १२ नोव्हेंबर २०१७

दिपक,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी राग लिहिते.

मी बरी आहे, नर्सिंगचे पेपर चांगले गेले, एवढं आईला सांग. तिचा गुडघा कसा आहे? भात झोडून झालं का?

परवा हॉस्टेलच्या मुली म्हणाल्या, तुम्ही जंगलातले लोक दिसेल ते मारता. मी भांडले. म्हटलं, पिल्लांना पाजणारी मादी जाळ्यात आली तर माझे बाबा तिला सोडून द्यायचे, आणि आम्ही मिरचीशी भाकरी खायचो.

तेवढ्यात मोबाईलवर तू पाठवलेला फोटो आला. मोटारसायकलच्या हँडलला चार ससे टांगलेले, आणि त्यातल्या एका मादीचे सड दुधाने तटतटलेले. मोबाईल मुलींच्याच हाताशी होता, त्यांनी तो माझ्याआधी पाहिला.

फोन करून म्हटलं, जा, तिची पिल्लं शोध. तर तू हसलास. "ताई, तूपण मेसमध्ये कोंबडी खातेस ना?"

खाते. जन्मात माती न पाहिलेली कोंबडी. त्याची लाज माझी मी बघेन. पण घरात तांदूळ आहे, नाचणी आहे, वाल आहेत, मग चार ससे कशाला? फोटोसाठी? जाळं बाबांचं घेऊन गेलास आणि त्यांची रीत तेवढी खुंटीला टांगून ठेवलीस!

हे पत्र आईला सगळं वाचून दाखव, एक ओळ गाळू नकोस. ती विचारेल, "मग पिल्लांचं काय झालं रे?"

ते मी लिहिलेलं नाही. तिच्या तोंडाकडे बघून तूच सांग.

आशीर्वाद त्यानंतर.

तुझी ताई,
योगिता