सालाइमाताईचं मत

आपिआ,
२१ ऑगस्ट १९६०

ती. सालाइमाताईस,
फिलीपोचा सा. न. वि. वि.

बोट सुखरूप पोचली. घटनासमिती रोज सकाळी भरते आणि भाषणं अशी लांबतात, की दुपारी समुद्राकडून वारा सुटला म्हणजे डोळे आपोआप मिटतात. परवा तसाच पेंगलो, तर आपले गेलेले अण्णा खाजणात गुडघाभर पाण्यात उभे दिसले. काहीतरी सांगत होते, पण ऐकू आलं ते पाणीच.

एक गोष्ट पक्की झाल्यासारखी आहे. घराण्यांची, कुळांची सामाईक जमीन कुणाला विकता येणार नाही. आता वाद मताचा आहे. मत फक्त मताईनं, कुळाच्या प्रमुखानं द्यावं, ही आपली रीत, आणि ती घटनेत लिहावी, असं मी पुढच्या महिन्यात बोलणार आहे. सामोआच्या घटनेत सामोआ दिसायला नको का? परक्या राज्यकर्त्यांनी घालून दिलेलं आपण किती दिवस वागवायचं? भाषण लिहून ठेवलंय. तुझा आशीर्वाद हवा.

तुझा,
फिलीपो


वाइफोउ, सावाई बेट,
४ सप्टेंबर १९६०

चि. फिलीपोस अनेक उत्तम आशीर्वाद.

मताई झालास तरी सभेत झोपायची खोड गेली नाही तर! शाळेतही हेच करायचास. नीरफणस भरपूर धरलेत, पण तू नाहीस म्हणून नारळाच्या दुधातलं अळू उरतं.

गावात वाईट प्रसंग घडला. विधवा तालिंगीच्या मुलानं दारू पिऊन एका म्हाताऱ्या मताईच्या तोंडात मारली. पंचांनी सगळं घर गावाबाहेर काढायचं ठरवलं. तालिंगी माझ्याकडे आली. मी आईची बारीक विणीची चटई काढली. पहाटे आम्ही दोघी पंचांच्या घरासमोर जाऊन बसलो, माफी मागायला बसतात तसं डोक्यावरून चटई ओढून. विणीतून उजेड झिरपत होता. अशाच चटईत गुंडाळून पुरलेली आपली सगळी माणसं आठवली, आई, अण्णा, मोठी आत्या. किती वेळ गेला कळलं नाही. ऊन चटके द्यायला लागलं, तेव्हा मार खाल्लेला म्हाताराच उठून आला आणि त्यानं चटई उचलली. माफी झाली. घर राहिलं.

आता सांग, ही आपली रीत नव्हे का? तिथे बसायला मताई लागला नाही, दोन बायका पुरल्या. भावाच्या डोळ्यातली बाहुली म्हणजे बहीण, असं आपणच म्हणतो ना? मग मत द्यायच्या वेळी तो डोळा मिटून कसा घेता? रीत लिहायची तर अर्धी लिहू नकोस, बाळा. आशीर्वाद तुला आहे, त्या भाषणाला नाही.

तुझी,
ताई


आपिआ,
३० ऑक्टोबर १९६०

ती. ताईस, सा. न.

तुझं पत्र आलं आणि लिहिलेलं भाषण मला वाचवेना. उभा राहिलो नि म्हणालो, मत वयात आलेल्या सगळ्यांना असावं, बायकांनाही. चटईची हकीकत सांगितली. एक वृद्ध मताई प्रेमानंच म्हणाले, की पोरा, हे तू परक्यांच्या पुस्तकातलं बोलतोस. मी म्हटलं, माझ्या बहिणीनं सांगितलंय. सगळे हसले. वाईट हसले नाहीत, पण विषय तिथेच संपला. मत मताईंचंच राहिलं.

मी घटनेवर सही केली. जमिनीसाठी केली. राग धरू नकोस.

आता संयुक्त राष्ट्रांच्या सांगण्यावरून पुढच्या वर्षी एकदाच सगळ्यांना विचारणार आहेत, मताई असो नसो, बाई असो पुरुष असो. ही घटना मान्य आहे का, आणि देश स्वतंत्र व्हावा का. ताई, दोन्हीला 'हो' म्हण. कागदावर माझं नाव आहे.

तुझा,
फिलीपो


वाइफोउ,
१० मे १९६१

चि. फिलीपोस अनेक आशीर्वाद.

काल मत देऊन आले. पांढरा पोशाख घातला होता, देवळात जाताना घालते तो. तालिंगी वाटेत दोनदा म्हणाली, की हे आपण स्वप्नातच चाललोय. मलाही पाय जमिनीला लागतायत असं वाटत नव्हतं.

आत एकटी होते. इतकी एकटी मी कधीच नव्हते रे, ना भाऊ, ना कूळ, ना पंच. बाहेर लाटा खडकावर फुटत होत्या. तुझं नाव आठवलं, जमीन आठवली. हात थांबला. बऱ्याच वेळानं कुणीतरी बाहेरून खाकरलं.

देश स्वतंत्र व्हावा का, याला मी 'हो' म्हटलं. घटना मान्य आहे का, याला 'नाही'.

गावात बहुतेकांनी दोन्हीला 'हो' म्हटलं असावं, आणि तसंच होईल. होऊ दे. त्या वृद्ध मताईंना माझा नमस्कार सांग, आणि हेही सांग, की वाइफोउतल्या एका बाईनं 'नाही' म्हटलं आणि तिच्या घरात परक्यांचं एकही पुस्तक नाही. तुझी सही तुझी, माझी खूण माझी.

घरी लवकर ये. भांडू, मग जेवू. लोभ होता तसाच आहे.

तुझी,
ताई