वारूळवाडीच्या गाडीतलं आपलं इंजिन

आण्णा, काल सकाळी साडेअकराच्या सुमारास पांढऱ्या टोपीतल्या एका माणसानं आपल्या फियाटचं बॉनेट उचललं, आत वाकून बघितलं आणि हसला. माझं जे काय फिरलं ते तिथं फिरलं. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, पण तुमच्यावर इतका राग मला कधी आला नव्हता. गेलेल्या माणसाला वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तुम्हाला उलट बोलायची सोय जिवंतपणी नव्हती, आता तरी घेतो.

नारायणगावच्या बाहेर एका मंगल कार्यालयाच्या पटांगणात शनिवार-रविवार जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. एका अंगाला पुण्याहून आलेल्या गाड्या ओळीनं उभ्या, आरशासारख्या पुसलेल्या. दुसऱ्या अंगाला ताडपत्र्या अंथरून जुन्या सामानाची अदलाबदल चाललेली. दिव्यांच्या रिंगा, हॉर्न, कार्ब्युरेटर, कुणाचं स्टेअरिंग. बेल्ह्याच्या बाजारात बैलाचे दात बघतात तशी माणसं बोल्टांचे आटे बघत होती. मी तिथं बक्षीस मिळवायला गेलो नव्हतो. कॉलेजात माझ्याबरोबर एक मुलगी होती, वारूळवाडीची. तिच्या वडलांची द्राक्षाची बाग आहे आणि जुन्या गाडीचा नाद आहे. घरात तिला स्थळं येतायत आणि एक जवळजवळ ठरत आलंय. तीच म्हणाली होती, "रविवारी तुझी गाडी घेऊन ये. पप्पा एकदा गाडीवर बोलायला लागले की समोरच्याचं शिक्षण विचारायचं विसरतात. मग मी घरात तुझा विषय काढते." एवढी एकच वाट होती, आण्णा. मी तीन आठवडे गाडीला रंग मारत होतो. चकाकणारा निळा. नवी चाकं घातली, गाण्याचा डबा बसवला.

आणि तो टोपीवाला, गाड्यांना मार्क देणारा, विचारतो, "इंजिन कुठलं रे हे?"

"डिझेलचं हाय, सर. वडलांनी सोता बसवलंय. ॲव्हरेज लई चांगलं देतं." मी छाती काढून सांगितलं. आपल्याकडं डिझेल बसवलेली फियाट म्हणजे मान होता. लोक कळंबला आपल्या गॅरेजला थांबून तुमच्याकडून बसवून घ्यायचे. मला काय माहीत, इथं त्याचीच लाज असते म्हणून!

"घ्या! फियाटमध्ये पाण्याच्या पंपाचं इंजिन!" तो शेजारच्याला म्हणाला आणि भोवतालचे सगळे हसले. "बाळ, इथं कंपनीतून निघाली तशी गाडी लागते. ही पार्किंगात लाव."

मी बॉनेट आपटलं. त्यानं हात वेळेवर काढला, नाहीतर बोटं गेली असती. ती दहा पावलांवर उसाच्या रसाचा ग्लास धरून उभी होती. ती हसली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. त्यापेक्षा हसली असती तर बरं झालं असतं.

तुम्हाला आठवतो का तो दिवस? मी सातवीत होतो. शाळेतून थेट गॅरेजला येतो, तर बॉनेट उघडं आणि आत मोकळं भगदाड. वर साखळी लोंबतेय. तुम्ही कापसाच्या बोळ्यानं हात पुसताय. मी विचारतो, "इंजिन कुठंय?" तुम्ही म्हणता, "गिऱ्हाईक रस्त्यावर अडकलं व्हतं. त्याला बसवून दिलं. गाडी आपलीच हाय, पळून जातीय व्हय?" मी रडायला लागलो तर एक कानाखाली. आई मागच्या घरातून पिठाच्या हातानं बाहेर आली. "अवो, पोराला शब्द दिला व्हता ना तुमी, अठराचा झाला की गाडी तुझी म्हणून?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "गाडी हाय की. इंजिन तेवढं गेलंय." कोण गिऱ्हाईक, कुठलं, ते कधीच सांगितलं नाही. महिन्याभरानं भंगारातलं डिझेल इंजिन आणून बसवलंत आणि विषय संपला. गिऱ्हाईक रस्त्यावर सोडायचं नाही, हा तुमचा धर्म. आईच्या शिलाई मशीनचा पट्टा कुणाच्या तरी कामाला गेला, मिक्सरची मोटर गेली, माझ्या सायकलची चेनसुद्धा गेली. घरातली प्रत्येक वस्तू ही कुणाच्या तरी गाडीचा उद्याचा पार्ट होती. रस्त्यावर राहिलो ते फक्त आम्ही.

कॉलेजचंही ऐका आता. दुसऱ्या वर्षाला होतो. एक जण तिच्याबद्दल घाण बोलला, मी त्याचा दात पाडला. कॉलेजचे मोठे साहेब म्हणाले, वडलांना घेऊन ये, मगच वर्गात बस. कुठून आणू? सांगायला तोंड उघडलं असतं तर रडलो असतो, म्हणून दप्तर उचललं ते परत गेलोच नाही. आई अजून म्हणते, "तुझे वडील असते तर..." तुम्ही असता तर माझ्या जागी दुसऱ्या कुणाच्या पोराला कॉलेजात बसवून आला असता.

तर काल गाडी पार्किंगला लावली आणि डोकं फिरल्यागत ताडपत्र्यांच्या ओळीत शिरलो. म्हटलं मूळचं पेट्रोल इंजिन मिळालं तर पायातले बूटसुद्धा बदल्यात देतो. एका म्हाताऱ्या सामानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "राव, इंजिन काय कोथिंबीर हाय का, जुडी उचलून द्यायला? मूळचं बघायचं आसंल तर त्या क्रीम रंगाच्या फियाटीत बघ, पयला नंबर मिळालाय तिला." मी गेलो. बॉनेट उघडंच होतं. इंजिनावर नंबराच्या शेजारी पंचानं मारलेली तीन टिंबं. तुम्ही खोललेल्या प्रत्येक इंजिनावर मारायचात ती. गाडीचा मालक वळला. तिचे वडील.

"काका, ही टिंबं आमच्या वडलांची," मी म्हणालो. "कळंबचं गॅरेज."

"तू मिस्त्रींचा पोरगा? आरं, देवमाणूस!" त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. चार जणांना हाक मारून गोळा केलं. "बहिणीच्या लग्नाला निघालो व्हतो. कळंबला इंजिन जाम झालं. ह्याच्या वडलांनी वऱ्हाड दुसऱ्या गाडीत घालून पुढं काढलं आन् सांजच्यापतुर सोताच्या गाडीतलं इंजिन हिच्यात बसवून दिलं. परत द्यायचं व्हतं. राह्यलंच. मग ते गेल्याचं कळलं."

"मग आता द्या," मी म्हणालो.

ती गाडीच्या मागच्या दाराला टेकून उभी होती, मान खाली घालून. काका मात्र मोठ्यानं हसले. "घे की! पर फेब्रुवारी जाऊ दे. पोरीचं काल सांजच्यालाच ठरलंय. ह्याच गाडीतनं पाठवणी करायचीय. जरा मिसिंग मारतीय बघ, मधीच दचके खातीय. तूच ये उद्या नऊला, नीट करून दे."

"पप्पा, त्याला कशाला..." ती म्हणाली.

"का गं? मिस्त्रीचाच पोरगा हाय की. त्याला कसलं आलंय."

झालं. बोलण्याआधीच माझा विषय निघाला आणि मिटलाही. तुम्ही ते इंजिन विकलं असतं ना, तर मी त्यांच्यासमोर बरोबरीनं उभा राहिलो असतो. देऊन टाकलंत म्हणून मीही असाच, मागितला की मिळणारा. तुमच्या देवपणाच्या वारसानं काय मिळवलं, तर ज्या गाडीतून ती जाणार तिचं मिसिंग काढायचं काम. याच्यापेक्षा चार शिव्या ठेवून गेला असता तर पुरलं असतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. टाकलं असतं आणि पोचलं असतं, तरी तुम्ही पाकिटावरचं तिकीट काढून कुणाला तरी दिलं असतं.

एक गोष्ट राहिली. काकांनी इंजिन चालू करून दाखवलं. ते खोकत होतं. मी शिव्या देणार होतो, तोंड उघडलंही होतं, आणि हात आपोआप कार्ब्युरेटरच्या स्क्रूवर गेला. पाव आटा मागे, जरा पुढे. इंजिन सरळ झालं. पुरतं नाही, आत अजून काम आहे, पण सरळ झालं. तिनं वर बघितलं. मी उद्या येतो म्हणालो. ती दिसेल म्हणून हो म्हणालो, असं लिहिणार होतो, पण ते निम्मंच खरं आहे. इंजिन सरळ झालं तेव्हा मला बरं वाटलं होतं. तुमचा इतका राग आलेला असताना, तेवढा एक क्षण बरं वाटलं होतं.

साडेआठ झालेत. पान्हे पिशवीत घातलेत. आई विचारतेय, सकाळी सकाळी कुठं निघालास. सांगितलं नाही. बाहेर पडतोय, दार लावून घेतो.